मान खरी, धड परकं

लाकडाला दात लावून ऐकणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा घरमालक होता.

कर्जतच्या शाळेत इतिहास शिकवायला मी रुजू झालो आणि कुणीतरी सांगितलं म्हणून खोली बघायला त्यांच्या दुकानात शिरलो. दुकान शिवणयंत्रं दुरुस्त करण्याचं. भिंतीवर पट्टे, चाकं, तेलाच्या बुधल्या, आणि मधोमध एका दणकट खिळ्यावर अजस्र पितळी भोंगा. खाली चटईवर एक शिडशिडीत, सावळे गृहस्थ मांडी घालून बसलेले. कमरेला लुंगी, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा आणि गळ्यात काळा बो. मांडीवर गिटारीसारखं काहीतरी आडवं होतं आणि त्याचं शिंगासारखं पुढे आलेलं लाकडी टोक त्यांनी समोरच्या दातांत धरलं होतं. डोळे मिटलेले. उजव्या हाताची दोन बोटं तारा छेडत होती आणि मला काहीही ऐकू येत नव्हतं.

खोली घ्यावी की नाही याचा मी फेरविचार करू लागलो.

त्यांनी डोळे न उघडताच हाताने बसायची खूण केली. पुष्कळ वेळाने दात सुटले.

"बोला सर. मधी बोलला नाय ते बरं केलंत. ती बोलत व्हती."

"काय म्हणाली?"

"जपानी हाय म्हनाली. आननारा तिला अमेरिकन सांगत व्हता."

मी खोली घेतली. असा घरमालक भाड्यात फुकट मिळत असेल तर कोण सोडेल?

गावात त्यांना बेसवाले काका म्हणत. बेस म्हणजे चार जाड तारांची, खालच्या सुरांची गिटार. ती विजेवर वाजते. साध्या गिटारीसारखी पोकळ नसते, भरीव लाकडाची असते. अ‍ॅम्प्लिफायरला जोडली नाही तर स्वयंपाकघरातल्या पाटाइतकीच बोलकी. काकांकडे अ‍ॅम्प्लिफायर नव्हता आणि त्यांना तो नकोही होता. "अ‍ॅम्प्लिफायर म्हंजे पुढाऱ्याच्या मागं फिरनारा मानूस," ते म्हणत. "पुढारी काय पन बोलू दे, हा मोठं करून सांगनार. लाकूड खरं काय बोलतं ते दाताला कळतं." आणि खरंच, त्यांच्या सांगण्यावरून मी एकदा दात लावून पाहिले, तर जबड्यातून वर चढत तो सूर थेट डोक्याच्या मधोमध येऊन बसला. बाहेर शुकशुकाट आणि आत देवळातली घंटा. मी दचकून तोंड बाजूला केलं. काका हसले नाहीत. पहिल्यांदा सगळ्यांचंच असं होतं, म्हणाले.

थाटमाट दिसला की मला आधी हसू येतं, हा माझा स्वभाव. आमच्या शाळेच्या मंडळात कुणा ना कुणाचा सत्कार झाल्याशिवाय सभा संपत नसे, आणि शाल-नारळाच्या त्या गर्दीत बसून बसून मला गळ्यात काहीही घातलेल्या माणसाचा संशय येऊ लागला होता. तेव्हा लुंगीवर बो हा माझ्यासाठी मेजवानीचाच विषय होता. वाद्य पारखायला आलं की काका हात साबणाने धुवत, बो लावत, वाद्य घेऊन येणाऱ्याला दुकानातली एकुलती एक खुर्ची देत आणि स्वतः चटईवर बसत. एकदा मी विचारलं, "काका, बो कशाला? गिटारीला कळतं का?"

"तिला नाय कळत. मला कळतं."

मग बऱ्याच दिवसांनी, एका मशीनचं चाक घासता घासता, त्यांनी आपणहून सांगितलं. त्यांचे वडील लोधिवलीच्या बाजूच्या एका खेड्यात ढोल वाजवायचे. म्हणजे वाजवायला लागायचा. गावात कुणाचं लग्न, कुणाची मयत, कुठली जत्रा, बोलावणं आलं की निघायचं. धर्मांतराच्या साली वडिलांनी ढोल खाली ठेवला तो ठेवला. "आमच्यात पुष्कळांनी तवा वाजवनं सोडलं," काका म्हणाले. "बरोबरच व्हतं. पन माझ्या बोटांनी काय केलं व्हतं? मी बाला सांगितलं, मी वाजवनार. हुकमानं नाय वाजवनार. खुर्चीत बसून, टाय लावून वाजवनार."

आणि तसं त्यांनी वाजवलं होतं. मुंबईला जाऊन आधी एका बँडमध्ये तो पितळी भोंगा फुंकला. मग एका हॉटेलच्या बँडचे म्होरके, गोव्याकडचे कुणी म्हातारे गृहस्थ होते, त्यांनी यांचा श्वास आणि ताल बघून हातात बेस दिली. ती अमेरिकन होती. बोटीवरच्या कुणा माणसाकडून त्या म्हाताऱ्यांनी घेतली होती. संध्याकाळी साहेब लोक जेवायचे आणि काका, गळ्यात काळा बो, उंच स्टुलावर बसून वाजवायचे. कुणी त्यांच्याकडे बघत नसे. बेसवाल्याकडे कुणीच बघत नाही.

"वाईट नाही वाटायचं?" मी म्हटलं.

त्यांनी मला हाताला धरून दुकानाबाहेर काढलं आणि स्टेशनकडे बोट केलं. पुण्याची गाडी उभी होती. कर्जतला घाटासाठी गाडीला मागून जास्तीची इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. "त्यो बगा बँकर," काका म्हणाले. "गाडीतली मानसं पुढं बगत्यात. ड्रायव्हर पुढं बगतो. फाटकातला पोरगा पन पुढच्या इंजिनालाच हात करतो. घाट कोन चढवतो? ह्यो मागचा. वर गेली गाडी की ह्यो सुटतो नि एकला खाली येतो. बेस म्हंजे त्येच, सर. ऐकनाऱ्याला कळत नाय आपन का डोलतोय."

पुढे हॉटेलात माणसांऐवजी तबकड्या वाजू लागल्या. म्हातारे म्होरके कायमचे परदेशी गेले आणि जाताना बेस काकांना देऊन गेले. काका ती घेऊन कर्जतला आले, मशिनी दुरुस्त करू लागले.

पण मी राहायला गेलो तेव्हा ती बेस घरात नव्हती.

हे मला काकींकडून कळलं. काकी दाराशी बसून मशीनवर लोकांचे परकर-पोलकी शिवत. सकाळी केस विंचरायला बसल्या की त्यांच्या हातात शिंगाची एक जुनी, तपकिरी फणी असे, आणि तिचा एक कोपरा करवतीने कापल्यासारखा सरळ गेलेला. मोडलेला नव्हे, कापलेला. मी एकदा बाजारातून नवी फणी आणून दिली. त्यांनी ती घेतली, कौतुक केलं आणि फडताळात ठेवून दिली.

"हिचा कोपरा तिच्यात हाय," त्या म्हणाल्या.

"कुणात?"

"ह्यांच्या अमेरिकनीत. मान जरा मागं पडली व्हती तिची. मधी भरायला पातळ नि टनक कायतरी पायजे म्हनून घरभर शोधलं. मंग माझ्या डोक्यातनं फणी काढली नि कापली. मला इचारलं पन नाय."

बेसची मान आणि धड वेगळे असतात. धडाला एक खाच असते, तीत मान बसते आणि मागून लोखंडी पट्टीवर चार स्क्रू आवळलेले असतात. मान मागे कलली की तारा मानेच्या लाकडाला लागतात, म्हणून खाचेत पातळ तुकडा भरतात. काकांनी काकींच्या फणीचा तुकडा मानेच्या तळाला सरस लावून पक्का चिकटवला होता.

"आणि ती गेली कुठे?"

"धाकल्या भावाला दिली. भावाला म्हंजे भावाच्या पार्टीला." दिराने जयंतीसाठी भीमगीतांची पार्टी काढली होती. आवाज होता, पोरं होती, वाद्य एकही नव्हतं. एका बेसवर जयंती होत नाही. तेव्हा काकांनी ती बेस अदलाबदलीत दिली आणि तिच्या जागी पेटी, ढोलक्या, बेंजो आणि कर्णा असा सगळा सरंजाम आणून भावाच्या पुढ्यात ठेवला. पार्टी थोडे दिवस दणक्यात चालली. मग भावाला कंपनीत नोकरी लागली, पोरं पांगली. बेस घेणारा माणूस घाटावरचा होता. तो घाटावर गेला.

"मंग आता कोन पन बेस आनू दे, हे आधी मान उघडून बगनार," काकी म्हणाल्या. "लोकांना वाटतं, काय बाई बारीक पारख. कसली पारख? शोधतायत. घरात असली सवत तर मानूस भांडतो तरी. नसलेल्या सवतीशी कसं भांडायचं, सांगा सर तुमी."

त्या हसत होत्या, पण फणीचा कापलेला कोपरा अंगठ्याने चाचपत होत्या.

आमच्या भागात लग्नसराई संपली की बेंजो पार्ट्या फुटत. वरातीपुढे वाजवणारे हे ताफे. महिना-दोन महिने एकत्र हिंडून त्यांची आपसात एवढी भांडणं झालेली असत की पाऊस लागायच्या आत वाटण्या कराव्याच लागत. मग खालापूरला एस.टी. स्टँडच्या मागे चिंचेखाली सगळे जमत आणि वाद्यांची अदलाबदल होई. तिला नुसतंच 'बदली' म्हणत. आणि बदलीत भाव सांगायला काका. मे महिन्याच्या सुटीत मीही त्यांच्याबरोबर जाई. तहसील कचेरीपेक्षा तिथे कारभार चोख होता.

काका पैशात भाव सांगत नसत. "ही बेस म्हंजे दोन ढोलक्या नि एक क्लॅरिनेट." "ही म्हंजे नुसता बेंजो, त्यो पन वरच्या तारा तुटलेला." पैसा काढला की माणूस पैशाकडे बघतो, वाद्याकडे बघत नाही, असं त्यांचं म्हणणं. नियमही त्यांनीच घालून दिलेले होते आणि सगळे पाळत. भाव सांगणाऱ्याने ती वस्तू स्वतः घ्यायची नाही. मानेला मूळचं धड नसेल तर भाव निम्मा. आणि सांगितलेला भाव चुकीचा ठरला, तर ती वस्तू सांगणाऱ्याच्या गळ्यात. ज्याचं नुकसान झालं त्याला त्याने आपल्या घरातून भरपाई द्यायची. या शेवटच्या नियमाची गरज कधी पडली नव्हती. काकांचा भाव चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

पारखताना ते पाहत ते सगळं साधं होतं. आतल्या वायरीला कापडाचं वेष्टण आहे की प्लॅस्टिकचं. रंगाच्या खाली रंग आहे का. धडावर बसवलेल्या पत्र्याखाली, जिथे ऊन पोचत नाही, तिथे मूळ रंग कसा आहे. लाकूड एका जातीचं आहे का. मानेच्या मागे अंगठ्याने झीज कुठे पाडली आहे. "झीज खोटी करता येत नाय," ते म्हणत. "मानूस कुठं जास्त राहिला ते अंगठा सांगतो." आणि शेवटी दात.

त्यांच्या या पारखेवर माझा पूर्ण विश्वास होता असं नाही. इतिहास शिकवणाऱ्याने पुराव्याशिवाय विश्वास ठेवू नये. पण चिंचेखाली माझ्या विश्वासाची कुणाला पडली नव्हती.

त्या वर्षी लोधिवलीचा एक तरुण आला. जयंतीची गाणी बसवणारा, चटपटीत, बोलका. मामेभावाकडून तळेगावहून त्याने एक बेस आणली होती. पार निळ्या ऑइलपेंटने रंगवलेली, खिडक्या-दारं रंगवतात तशी. त्याला ती नको होती. त्याला अ‍ॅम्प्लिफायर, बेंजो आणि चांगली ढोलकी हवी होती. ते सगळं होतं खालापूरच्या शेठकडे. शेठ कोकणी मुसलमान, ताफ्याचे मालक. त्यांच्या वाजवणाऱ्यांच्या अंगावर सोनेरी झालरींचे असे डगले असत की वरातीत नवरा कोण आणि सेनापती कोण ते कळू नये. शेठना बेस हवी होती.

"आता बेंजो कोनाला नको, काका," शेठ म्हणाले. "सगल्यांना आर्केष्ट्रा पायजे. बेसबिगर आर्केष्ट्रा कसला? तुमी भाव सांगा, मी डोले मिटून देतो."

"पुरा भाव आला तरच देनार मी," तरुण म्हणाला. "नायतर उद्या पुन्याला जुन्या बाजारात. ष्टँडवरनंच आज रातची गाडी पकडतो."

काकांनी हात धुतले, बो नीट केला, बेस मांडीवर घेतली. डावा हात मानेखाली गेला आणि अंगठा वर सरकत सरकत एका जागी थांबला. थांबलाच. मी समोर बसलो होतो. काकांचा चेहरा तसाच होता, पण अंगठा तिथून हलेना. एखाद्या माणसाचा पाय अंधारात आपल्याच घराच्या उंबऱ्याला लागावा तसा तो अंगठा तिथे टेकला होता.

मग त्यांनी पान्याने चार स्क्रू काढले आणि मान सोडवली.

मानेच्या तळाला एक तपकिरी, पातळ तुकडा चिकटलेला होता. एक कड करवतीने कापलेली, सरळ. दुसऱ्या कडेला फणीच्या एका दाताचं अर्धं मूळ. ती फणी मी रोज सकाळी पाहत होतो.

मी धडाच्या खाचेत डोकावलो. तिथे पटाशीचे ओबडधोबड घाव होते आणि आत दिसणारं लाकूड तांबूस, आमच्या शाळेतल्या बाकांचं असतं तसलं. कापडी वायर नव्हती. साधी बारीक प्लॅस्टिकची वायर होती, दिवाळीच्या माळेची. अमेरिकन धड कुठेतरी दुसरीकडे गेलं होतं. कुणीतरी इथलंच एक धड कोरून, निळा रंग फासून, या मानेला जोडलं होतं. हे समजायला पारखी लागत नव्हता. मलासुद्धा कळलं.

काकांनी घाईघाईने नव्हे, अगदी सावकाश, मान परत बसवली. स्क्रू आवळले. मग शिंगाला दात लावले आणि तारा छेडल्या. शेठ उभे, तरुण उभा, भोवती सगळ्या पार्ट्यांचा घोळका. एवढा वेळ त्यांनी कुठल्याच वाद्याला दिला नव्हता. दात सुटले तेव्हा त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही.

"पुरा भाव," ते म्हणाले. "अमेरिकन हाय. अ‍ॅम्प्लिफायर, बेंजो, ढोलकी. सगळं द्या, शेठ."

"काका," मी हळूच म्हटलं, "धड..."

"सर, तुमी इतिहास शिकवता. सुतारकाम नाय."

शेठनी खरोखर डोळे मिटून दिलं. तरुण अ‍ॅम्प्लिफायर टेंपोत चढवून नाचत गेला. परतीच्या एस.टी.त काका खिडकीशी बसले होते आणि डाव्या हाताचा अंगठा उजव्या मुठीत धरून होते. मला राग आला होता. मला वाटलं, बेस पुण्याला जाऊ नये, निदान खालापुरात राहावी, येता-जाता दिसावी, एवढ्यासाठी या माणसाने शेठना फसवलं. रागाहून वाईट जास्त वाटलं, कारण तोवर मला हसण्याजोगा नसलेला थाट एकच माहीत होता, आणि तो म्हणजे त्यांच्या गळ्यातला तो बो.

तुळशीची लग्नं लागली, सराई पुन्हा सुरू झाली, आणि एका दुपारी शेठ चादरीत गुंडाळलेली बेस घेऊन दुकानात आले. खुर्चीवर बसले नाहीत.

"भर मांडवात मान हातात आली, काका. इस्क्रू धरतच नाय त्या लाकडात. मुंबईला मेकॅनिककडं नेली. त्यो हसला. म्हनाला, धड दोन रुपयाचं हाय. मी म्हटलं, हसू नको, भाव आमच्या काकांनी सांगितलाय. तर त्यो आनखी हसला."

"चुकलं, शेठ," काका म्हणाले.

"तुमचं?" शेठ रागावून आले होते, पण हे ऐकून त्यांचा चेहराच पडला. चूक कबूल होईल असं त्यांना वाटलं नसावं. "वय झालं असं म्हना काका. नजर गेली म्हना. मी सगल्यांना तसं सांगतो. मानसाला होतं असं."

"नजर शाबूत हाय. दात पन हायत. चुकलं एवढंच सांगा सगळ्यांना." काका उठले. भिंतीवरचा पितळी भोंगा त्यांनी उतरवला, पंच्याने पुसला आणि शेठच्या पुढ्यात ठेवला. मग काकींच्या मशीनकडे पाहिलं. पायाने चालवायचं, घरातलं एकच धड मशीन. काकी अर्धवट शिवलेलं पोलकं सुईखालून काढत होत्या.

"न्या शेठ," त्या म्हणाल्या. "शिवून शिवून डोळे गेले माझे. तेवढाच आराम."

शेठ मशीन न्यायला तयार नव्हते. काका ऐकेनात. नियम तो नियम. शेवटी शेठनी भोंगा खांद्यावर घेतला, माणूस पाठवून मशीन नेलं आणि बेस चटईवर राहिली.

ते गेल्यावर काकांनी पान्याने मान सोडवली आणि तळ काकींपुढे धरला. काकींनी केसांतून फणी काढली. तुकडा जिथून गेला होता ती जागा आणि तुकडा, दोन्ही त्यांनी पाहिलं. मला वाटलं, आता रडतील.

"द्या माझा तुकडा," त्या म्हणाल्या.

"नाय देनार. मान ढिली पडंल."

"फणी माझी हाय."

"मान माझी हाय."

"आनि ह्ये निळं कोन?"

"ते निळं परकं हाय गं," काका म्हणाले. "घरात आलंय, राहू दे."

त्या दिवसापर्यंत मला कळलं नव्हतं. मी वरच्या खोलीत जाऊन बसलो आणि मग सावकाश उलगडलं. भाव सांगणाऱ्याने घ्यायचं नाही. चुकणाऱ्याने घ्यायचं. चिंचेखाली खरा भाव सांगितला असता तर मान त्याच संध्याकाळी घाट चढून गेली असती. ती घरी आणायला त्यांच्याकडे एकच रस्ता होता, आणि तो त्यांनीच बांधलेल्या नियमांतून जात होता. दुसऱ्या दिवशी मी त्यांना सरळ विचारलं.

"मुद्दाम चुकलात?"

ते दुसऱ्या कुणाच्या मशीनला तेल घालत होते. "आमच्या बानं ढोल खाली ठेवला तवा गावाला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. बानं कुनाला काय सांगितलं नाय. तुमी पन कुनाला सांगू नका."

"पण शेठचं नुकसान..."

"भोंगा अमेरिकन व्हता, सर. धडासकट. शेठना मी जास्तच दिलंय."

पुढच्या मे महिन्यात खालापूरहून बोलावणं आलं नाही. पनवेलच्या कुणा रेडिओवाल्याला बोलावल्याचं कळलं. तो बरोबर अ‍ॅम्प्लिफायर आणी आणि भाव पैशात सांगे. काकांच्या दुकानात पारखायला वाद्य येईनासं झालं. खुर्चीवर मशीनचे सुटे भाग साठत गेले. भोंग्याच्या रिकाम्या खिळ्याला काकांनी बो अडकवून ठेवला, आणि तो तिथे इतका लहान दिसे की नवीन गिऱ्हाईक विचारी, हे वटवाघूळ मेलंय का? काकी हाताने फिरवायच्या जुन्या मशीनवर शिवत. फणी तीच.

संध्याकाळी दुकान आवरलं की काका निळ्या बेसला दात लावून बसत. मी जिना चढता-उतरता पाही. डावा अंगठा आपल्या जागेवर. कधी कधी मध्येच थांबत, शिंग दातांतून काढून धडाकडे बघत, आणि पुन्हा लावत.

माझी बदली अलिबागकडे झाली तेव्हा निरोप घ्यायला खाली गेलो. त्यांनी बेस माझ्यापुढे केली. मी दात लावले. त्यांनी सगळ्यात जाड तार छेडली.

"काय म्हनते?"

सूर जबड्यातून वर आला, पण डोक्यापर्यंत पोचला नाही. वाटेतच कुठेतरी बसला. मी इतकी वर्षं त्या घरात राहिलो होतो. खोटं बोलून चालणार नव्हतं.

"मान खरी," मी म्हटलं. "धड परकं."

"बराबर." त्यांना बरं वाटलेलं दिसलं. "म्हंजे अमेरिकन धड हाय अजून कुठंतरी. कुनाच्या तरी मानंला लागून घाटावर वाजत असंल. बेस आली की मान उघडून बगायची, एवढंच करायचं व्हतं. मान सापडली तसं धड पन सापडलं असतं." त्यांनी बेस परत मांडीवर घेतली. "आता कोन आननार सर माझ्याकडं बेस?"

काकी आतून म्हणाल्या, "आता पुरं. आता धडासाठी माझा पाट कापाल."

काका गेले त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. दुकानाच्या जागी मोबाईलवाला आहे म्हणतात. मी परवा पुण्याला निघालो होतो. गाडी कर्जतला थांबली. वडेवाले ओरडत होते. मग मागून एक हलका धक्का आला, बँकर लागला, आणि गाडी घाटाकडे सरकली. डब्यात कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळे पुढे तोंड करून बसले होते.

मी खिडकीच्या गजाला दात लावले. समोरच्या बाईंनी आपल्या मुलाला जवळ ओढलं.

आत सूर होता. खालचा, जाड, एकसारखा. बोगदे आले, गेले, तो थांबला नाही. वर घाटमाथ्यावर गाडी उभी राहिली आणि सूर एकदम गजातून काढून घेतल्यासारखा गेला. मागे वाकून पाहिलं तर बँकर सुटून एकटा खाली निघाला होता.

सूर अस्सल होता का, ते मला सांगता येणार नाही. भाव सांगणारा मी नव्हे.